घरी आल्यानंतरचा अर्धा तास: काही महिन्यांचा अनुभव

दिवसभर माणसांत वावरल्यावर अंतर्मुख माणसाला बोलण्याने येतो त्याहून जास्त थकवा सतत प्रतिसाद देत राहण्याने येतो. म्हणून माझा संध्याकाळचा क्रम झोपायच्या वेळी नाही, घरात पाऊल टाकताच सुरू होतो. पहिला अर्धा तास कुणालाही उत्तर द्यायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवलंय की हा रुसवा नाही, त्यानंतर मी गप्पांना मोकळी असते. हे सांगणं फार गरजेचं आहे, न सांगता गप्प बसलं तर "काय झालं?" याचीच उत्तरं देत बसावं लागतं. आता अर्ध्या तासानंतरच्या गप्पा पूर्वीपेक्षा जास्त रंगतात. मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

जेवणानंतर छताचा पांढरा दिवा बंद आणि २७०० केल्विनचा पिवळसर दिवा चालू. डोळ्यांतल्या काही पेशी पांढऱ्या दिव्यात जास्त असणाऱ्या, ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि त्यामुळे झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. बदल स्वस्त आणि सोपा, जरूर करावा.

अंथरुणावर पडलं की दिवसभरातली संभाषणं पुन्हा डोक्यात सुरू होतात, हे अनेकांना ओळखीचं असेल. त्यावर मला लिहिण्याचा उपयोग झाला, पण रोजनिशीचा नाही. ती लिहिताना मी त्याच प्रसंगांत आणखी गुंतत गेले. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी ५ मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. मी तेच करते. "ती असं का म्हणाली?" याऐवजी "उद्या तिला विचारायचं" एवढं लिहिलं, की विषय तात्पुरता मिटतो.

ध्यानाचं ॲप मात्र सोडलं. तोही एक आवाजच, आणि सूचना देणारा. त्यापेक्षा श्वास सावकाश, लांबवत सोडणं मला जास्त मानवलं.

पाहुणे असतील त्या दिवशी अर्धा तास मिळत नाही. तेव्हा हातपाय धुवायला जाते आणि दहा मिनिटं तिथेच काढते. पूर्ण अर्ध्या तासाइतका आराम त्यातून मिळत नाही, पण तेवढंही चुकलं तर रात्री जेवताना माझी चिडचिड होते.