बॉर्डर आणि स्मगलिंगची पुस्तकं: कुठलं घ्यायचं, कुठलं नुसतं चाळायचं

सरळच सांगते, विचित्र सीमारेषांवरची जी जाडजूड रंगीत पुस्तकं हल्ली मॉलमधल्या दुकानात समोरच मांडून ठेवतात त्यावर पैसे घालवू नका, तिथेच उभ्याउभ्या चाळा आणि ठेवून द्या. फोटो मस्त, कागद गुळगुळीत, पण प्रत्येक जागेला दोन पानं की चला पुढे. बार्लेचंच घ्या ना. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे तुकडे, बॉर्डर फुटपाथवरून आणि घराघरांतून गेलेली, ज्या देशात तुमचा पुढचा दरवाजा तो तुमचा देश, वाचायला मजा येते. पण त्याच बॉर्डरवर दुसऱ्या महायुद्धानंतर लोण्याचं केवढं स्मगलिंग चालायचं, डच लोणी स्वस्त आणि बेल्जियममध्ये महाग म्हणून लोक गाड्यांना पत्रे ठोकून चिलखत करायचे आणि मागे लागलेल्या कस्टमवाल्यांचे टायर फुटावेत म्हणून रस्त्यावर लोखंडी काटे टाकत सुटायचे, ह्याला कोपऱ्यात एक चौकट! अहो तीच तर खरी स्टोरी आहे.

कूचबिहारच्या छिटमहालांचं, म्हणजे एका देशाचे दुसऱ्याच्या पोटात अडकलेले तुकडे, त्यांचं पण तेच. आपले १११ तुकडे बांगलादेशात, त्यांचे ५१ आपल्याकडे, करार १९७४चा आणि अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री. मधल्या काळात पोरांना शाळेत घालायला लोक दुसऱ्याच कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावत होते आणि पुस्तकाचा सूर काय तर बघा कसला गमतीदार नकाशा. डोकंच फिरलं माझं.

आता घ्यायचं कुठलं तर रॉय मॉक्सहॅमचं 'द ग्रेट हेज ऑफ इंडिया'. २००१चं आहे, मराठीतही आलंय. देशांमधली बॉर्डर नाही ही, इंग्रजांनी आपल्याच देशात आतून घातलेली कस्टम लाइन आहे, पण स्मगलिंग का होतं हे ह्याच्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर, पश्चिमेकडे राजपुतान्यात मीठ स्वस्त, मग ते आत येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत पहारा. १८६९ला ही लाइन २३०० मैल होती आणि त्यावर जवळजवळ बारा हजार माणसं! आणि मधे मैलोन् मैल बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग असलं काटेरी जिवंत कुंपण, खाली पार बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडेच की. माझं सासर खानदेशातलं, पण तिकडे कुणाच्या तोंडून ह्याबद्दल अक्षर ऐकलं नाही.

लोकांनी पण डोकी लढवली, ह्या बाजूने मिठाची पोती कुंपणावरून भिरकवायची, त्या बाजूला साथीदार उचलायला तयार, नाहीतर मीठ लादलेले उंट आणि गुरं कळपाने सरळ घुसवायची. आणि हे कुंपण वाढवायच्या मागे कोण तर ए. ओ. ह्यूम, काँग्रेसचे संस्थापक म्हणून एका मार्कासाठी आपण पाठ केलेले तेच, १८६७ ते १८७० ह्याच कस्टम खात्याचे कमिशनर. पुस्तकात हे आलं तेव्हा मी परत मागे जाऊन नाव वाचलं. शेवटी सरकारने राजपुतान्यातलं मिठाचं सांभर सरोवर जयपूर-जोधपूरकडून भाड्याने घेऊन तिथेच कर वसूल करायची सोय केली, इलाख्या-इलाख्यांतला करातला फरक कमी केला, आणि १८७९ला लाइन बंद. भावातला फरकच गेल्यावर कुंपण कशाला पोसतील?

मिठाशिवाय शरीराचं काय होतं आणि दुष्काळात त्याने काय हाल झाले ते प्रकरण चुकवू नका, मग १९३०ला वडाळ्याच्या मिठागरांवर लोक लाठ्या खायला का गेले ते नीट कळतं.

खोट काढायची तर मधलं प्रवासवर्णन लांबतं. लेखकाला लंडनच्या सेकंडहँड दुकानात स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या जुन्या पुस्तकात एक तळटीप सापडली आणि त्यावरून हा गडी जीपीएस घेऊन उत्तर प्रदेशात फिरत बसला, कुंपणाचा उरलासुरला तुकडा मिळाला १९९८ला चंबळच्या बाजूला. तोपर्यंतच्या ट्रेन आणि बस मी भराभर उलटल्या.

एक सूचना, ऑनलाइन फारच स्वस्तात दिसलं तर घेऊ नका. माझी पहिली कॉपी तशीच आली, नकाशे म्हणजे नुसते काळे डाग. दुसरी फोर्टला फुटपाथवर मिळाली, पिवळी पडलेली पण पूर्ण, काकांनी घासाघीस मात्र अजिबात करू दिली नाही.

आता माझा शोध आपल्याकडच्या, किनाऱ्यालगतच्या असल्याच बॉर्डर आणि स्मगलिंगच्या पुस्तकाचा आहे. दमण डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे, मुंबई एवढ्या जवळ. दादरा-नगर हवेली तर चारी बाजूंनी भारताने वेढलेली, १९५४ला मुक्त झाली, त्यात आपले सुधीर फडके होते, आणि पोर्तुगाल रस्त्याच्या हक्कासाठी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात, निकाल १९६०ला. रंगीत पुस्तकांत ह्याचा पत्ता नाही. मराठीत कुणी ह्यावर जाडजूड, नकाशांसकट लिहिलं असेल तर प्लीज नाव कळवा, किंमत किती का असेना.