हॅवलॉकला स्कूटी चालवायची नाही? मग बस, रिक्षा, गाडी की सायकल?

अंदमानची तिकिटं काढली की ओळखीतल्या चार जणांपैकी तीन जण एकच सांगतात, 'हॅवलॉक बेटावर उतरलात की आधी स्कूटी घ्या, नाहीतर अडकून पडाल.' पंचविशीतल्या दोघांसाठी सल्ला ठीक आहे. पण बरोबर सत्तरीतले आईवडील असतील, मांडीवर लहान मूल असेल, लायसन्स फक्त चारचाकीचं असेल, किंवा सुट्टीत अनोळखी घाटरस्त्यावर दुचाकी हाकायची इच्छाच नसेल, तर हा सल्ला उपयोगाचा नाही. चारचाकीच्या लायसन्सवर दुचाकी चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना चालवण्याचा दंड ५००० रुपये आहे. दंड एक वेळ भरता येईल, पण बेटावर हात-पाय मोडला तर काय, हा खरा विचार आहे. इथे सरकारी दवाखाना आहे, मात्र दुखापत मोठी असेल तर पेशंटला समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) न्यावं लागतं. बोटीचा प्रवास दीड-दोन तासांचा आहे आणि बोट रात्री-अपरात्री मिळत नाही.

स्कूटीशिवाय हॅवलॉक नीट फिरता येतं. फक्त 'कोणतं वाहन' याच्या आधी 'मुक्काम कुठे' हे ठरवायला हवं. बहुतेक लोक हॉटेल आधी फोटो बघून बुक करतात आणि वाहनाचा विचार जेट्टीवर उतरल्यावर करतात. त्यातून गैरसोय होते आणि पैसेही जास्त जातात.

आधी बेटाचा नकाशा

हॅवलॉकचं नाव २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं. बोलण्यात मात्र अजून हॅवलॉकच आहे, आणि गावांची ओळख नंबरांनी सांगितली जाते. 'एक नंबर' म्हणजे जेट्टी, 'तीन नंबर' गोविंदनगर, म्हणजे मुख्य बाजार, 'पाच नंबर' विजयनगर, 'सात नंबर' राधानगर. रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगण्यापेक्षा नंबर सांगितलेला पटकन कळतो.

जेट्टीवरून बाजार दोनेक किलोमीटर. बाजारातून रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पूर्व किनाऱ्याला धरून विजयनगरवरून काळापत्थरच्या किनाऱ्याकडे जातो. हा बराचसा सपाट आहे, आणि बहुतेक हॉटेलं, रिसॉर्टं, डायव्हिंग सेंटरं याच पट्ट्यात आहेत. दुसरा फाटा आत वळतो, चढ-उतार आणि जंगल पार करत पश्चिमेला राधानगरला पोचतो. जेट्टीपासून हे अंतर बारा किलोमीटरच्या आसपास आहे.

म्हणजे तुमचा मुक्काम एका बाजूला आणि ज्या किनाऱ्यासाठी तुम्ही आलात तो दुसऱ्या बाजूला. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सगळं बेट तिथे सूर्यास्ताला जमतं. आणि सूर्यास्त आपल्या सवयीपेक्षा लवकर होतो. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं असलं तरी बेट पार पूर्वेला आहे. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, इथे पाचला. जूनमध्येसुद्धा पावणेसहापर्यंत आटोपतं. मग अंधार पडतो, जंगलातून जाणारा तो बारा किलोमीटरचा रस्ता काळोखात जातो, आणि शे-दोनशे माणसं एकाच वेळी परतीचं वाहन शोधू लागतात. कोणत्याही पर्यायाची परीक्षा इथेच होते. सकाळी तुम्ही कशानेही जा, राधानगरहून परत कसे येणार हे आधी ठरवा.

बस आणि रिक्षा

अंदमान प्रशासनाची बससेवा एसटीएस नावाने चालते. आपल्या एसटीवर वाढलेल्या माणसाला ती लगेच घरची वाटते. शाळेची मुलं, बाजार करून निघालेल्या बाया, पायाशी भाजीच्या गोण्या, आणि मधेच पाठीला मोठी सॅक लावलेला एखादा परदेशी प्रवासी. तिकीट दोन आकडी. त्याच अंतराला रिक्षाचे तीन आकडी पैसे जातात आणि दिवसभराच्या गाडीचे चार आकडी. एकट्या-दुकट्या, वेळ हाताशी असलेल्या माणसाने बस सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. बेटावरचं रोजचं जगणं जेवढं त्या अर्ध्या-पाऊण तासात दिसतं तेवढं रिसॉर्टच्या खुर्चीत बसून दिसत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेलं हे बेट आहे. बसमध्ये बंगाली कानावर पडते आणि हिंदीत विचारलं की कोणीही उत्तर देतं.

अडचण फेऱ्यांची आहे. त्या मोजक्या असतात, आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेरीचं सूर्यास्ताशी जमेलच असं नाही. म्हणून बसने जायचं असेल तर चढतानाच कंडक्टरला विचारावं, 'राधानगरहून शेवटची गाडी किती वाजता?' गूगलवर किंवा कोणाच्या जुन्या व्हिडिओत पाहिलेल्या वेळेवर विसंबू नये. उत्तम उपयोग असा: दुपारी जेवून बसने राधानगर गाठायचं आणि परतीला रिक्षा. अर्धे पैसे वाचतात आणि सूर्यास्त अर्धवट सोडून धावावं लागत नाही.

रिक्षा हा या बेटावरचा सर्वांत कामाचा पर्याय आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. बोट लागली की जेट्टीबाहेर रिक्षांची रांग असते. दर बहुधा ठरलेले असतात, त्यामुळे घासाघीस करण्यात वेळ आणि मूड दोन्ही घालवू नये. पुणे-मुंबईच्या मीटरची सवय असलेल्याला आकडा मोठा वाटतो. पण पेट्रोलसकट बेटावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू समुद्रावरून येते आणि राधानगरला सोडलेल्या रिक्षाला परतीचं भाडं मिळेल याची खात्री नसते. ठरवताना एवढं स्पष्ट विचारावं: भाडं एकेरी की जाऊन-येऊन, थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का, आणि किती वेळ थांबणार? 'सूर्य मावळल्यावर अर्धा तास' असं बोलून घेतलं की पुढे वाद होत नाही.

ओला-उबरचा विचार इथे मनातून काढून टाका. चांगल्या रिक्षावाल्याचा फोन नंबर हेच तुमचं ॲप. पहिल्या खेपेला माणूस बरा वाटला तर त्यालाच पुढच्या दोन दिवसांचं सांगून ठेवावं. काळापत्थरला सूर्योदय बघायला पहाटे पाचच्या आधी निघायचं असेल तर हे लागतंच, कारण त्या वेळेला रस्त्यावर रिक्षा मिळत नाही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेटवर्क पुष्कळ सुधारलं आहे. तरी यूपीआय प्रत्येक वेळी चालेलच असं धरून चालू नये. शंभर-पाचशेच्या नोटा जवळ असू द्याव्यात.

बस की रिक्षा, असा सरळ प्रश्न कोणी केला तर माझं उत्तर माणसांच्या संख्येवर आहे. एकटे असाल तर बस जास्त, रिक्षा गरजेपुरती. तिघं असाल तर रिक्षाचं भाडं विभागून इतकं कमी पडतं की बसची वाट बघण्यात अर्थ नाही.

गाडी: कोणाला परवडते, कोणाला लागतेच

ड्रायव्हरसह गाडी सर्वांत महाग आहे, आणि काहींसाठी तीच योग्य. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला रिक्षात चढ-उतार करताना, राधानगरच्या रस्त्यावरचे धक्के खाताना जे होतं ते घरच्यांना संध्याकाळी कळतं. चार-पाच मोठी माणसं आणि बॅगा असतील तर दोन रिक्षांऐवजी एक गाडी सोपी पडते. पावसात तर प्रश्नच नाही.

महाराष्ट्रातून जाणारी बरीच मंडळी पॅकेज घेऊन जातात. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, मग हॅवलॉक आणि नील ही बेटं, हा क्रम बहुतेकांचा ठरलेला असतो. पॅकेजमध्ये 'एसी गाडी' लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की गाडी दिवसभर आपल्या दिमतीला आहे. बहुतेक वेळा तसं नसतं. जेट्टी ते हॉटेल, हॉटेल ते राधानगर आणि परत, एवढ्यापुरती ती येते आणि सोडून जाते. मधल्या वेळात बाजारात जायचं, दुसरीकडे जेवायचं, काळापत्थरला पुन्हा जायचं तर तुम्ही तुमचे. बुकिंगच्या आधी एजंटला लेखी विचारा: गाडी 'पॉइंट टू पॉइंट' आहे की दिवसभरासाठी? 'पॉइंट टू पॉइंट' असेल तर रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि पॅकेजच्या किमतीची तुलना त्यासकट करा. असा हिशेब केला तर पुष्कळदा फक्त हॉटेल आणि बोटीची तिकिटं स्वतः घेऊन बेटावर रिक्षा करणं स्वस्त पडतं. आईवडील बरोबर असतील तर मात्र मी गाडीच घेईन, जास्त पैसे देऊन, निदान राधानगरच्या दिवशी.

सायकल आणि पाय

बाजारात सायकली भाड्याने मिळतात. गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात सायकल मस्त चालते. एका बाजूला नारळ-सुपारीच्या बागा, दुसऱ्या बाजूला झाडांतून मधेच डोकावणारा समुद्र, वाहनं तुरळक. सकाळी सातच्या आत निघावं. नऊनंतर दमट उकाडा असा चढतो की शर्ट पिळून काढावा लागतो. घेताना ब्रेक दाबून बघा, चेन बघा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या. खाऱ्या हवेने गंजलेल्या सायकली बऱ्याच असतात.

राधानगरला मात्र सायकलने जायचा मोह आवरावा. नियमित सायकल चालवणाऱ्याला तो चढ जड नाही, पण जो वर्षातून एकदा सायकलवर बसतो तो अर्ध्या वाटेत उतरून ढकलत जातो. परत सूर्यास्तानंतर अंधारात त्याच उतारावरून, दिव्याशिवाय यायचं. ते करू नये.

चालायचं झालं तर मुक्काम बाजाराच्या आसपास किंवा विजयनगरमध्ये घ्यावा. जेवण, दुकानं, किनारा सगळं पायांच्या टप्प्यात येतं. ओहोटीला पूर्वेच्या किनाऱ्याने वाळूतून बरंच चालता येतं, भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा हॉटेलात विचारून ठेवाव्यात. रात्री रस्त्यावर दिवे कमी, टॉर्च हवाच. राधानगरजवळ राहिलात तर राधानगरचा प्रश्नच मिटतो, पहाटेचा रिकामा किनाराही मिळतो. मात्र तिथे हॉटेलं मोजकी, बरीचशी महाग, आणि बाकी प्रत्येक गोष्टीसाठी बाजार गाठावा लागतो. दोन रात्री असतील तर एक पूर्वेला, एक राधानगरला ही वाटणी खर्चिक असली तरी न चालवणाऱ्याला फार सोयीची आहे.

एलिफंट बीचला बोटच

स्नॉर्केलिंगसाठी जवळजवळ सगळे एलिफंट बीचला जातात. तिथे रस्ता जात नाही. राधानगरच्या रस्त्यावर एका ठिकाणी उतरून जंगलातून पायी जाता येतं, किंवा जेट्टीवरून स्पीडबोटने. इथे स्कूटीवाल्यांनाही आपल्याइतकंच करावं लागतं. पायवाट उन्हाळ्यात छान आहे, पण पावसात चिखल होतो, आणि जायच्या दिवशी ती खुली आहे का हे विचारूनच निघावं. मुलं-म्हातारी माणसं असतील तर सरळ बोट. सकाळच्या पहिल्या बोटींना गर्दी कमी आणि पाणी जास्त नितळ असतं.

वेळ असेल तर नीललाही राहा

स्कूटी न चालवणाऱ्यासाठी नील, म्हणजे शहीद द्वीप, हॅवलॉकपेक्षा सोपं बेट आहे. लोक ते हॅवलॉकच्या वाटेवरचा थांबा म्हणून दोन-तीन तासांत उरकतात, हे मला पटत नाही. बेट लहान, बरंचसं सपाट, दोन्ही बाजूंना भाताची आणि भाजीपाल्याची शेती. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच. सूर्यास्ताचं लक्ष्मणपूर दोन-अडीच किलोमीटरवर, सूर्योदयाचं सीतापूर दुसऱ्या टोकाला पाचेक किलोमीटरवर. म्हणजे हॅवलॉकला जी सायकल अर्ध्याच बेटाला पुरते ती इथे सगळीकडे नेते. दमायला झालं तर रिक्षा आहेच, आणि अर्ध्या दिवसात सगळे किनारे दाखवून आणणाऱ्या रिक्षाचं भाडं चौघांत विभागलं की जड जात नाही.

इथे दिवसाची आखणी ओहोटीवर करावी लागते. 'लक्ष्मणपूर दोन' या किनाऱ्यावरचा दगडी नैसर्गिक पूल बघायचा तर पाणी उतरलेलं हवं, आणि तिथे पोचायला खडकांवरून सावकाश चालावं लागतं. चप्पल पायात घट्ट बसणारी हवी, ज्येष्ठांना हात धरून न्यावं. उलट भरतपूरला पोहायला भरती बरी, ओहोटीत पाणी लांब जाऊन नुसते प्रवाळाचे खडक उघडे पडतात. त्यामुळे एका रात्रीचा मुक्काम असेल तर जेट्टीवर उतरल्याबरोबर त्या दिवसाची ओहोटी किती वाजता हे विचारा. ती सकाळी असेल तर आधी पूल, दुपारी भरतपूर. दुपारी असेल तर सकाळी भरतपूरला पोहून घ्या, पाणी उतरल्यावर पूल बघा आणि तिथूनच सूर्यास्ताला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर जा.