पांगुळगाडा: घ्यावा, पण वेळेवर

तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा आजही बसायच्या वॉकरपेक्षा कितीतरी चांगला. वॉकरमध्ये बाळ लोंबकळतं, चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायला शिकतच नाही. कॅनडाने तर २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे.

घाई मात्र नको. बाळ सोफ्याला धरून आपणहून उभं राहू लागलं, कडेकडेने पावलं टाकू लागलं, की मगच द्या; साधारण १० ते १२ महिन्यांत.

मुख्य दोष म्हणजे हलकेपणा. दांडा धरून उठताना गाडा मागे कलंडतो, गुळगुळीत फरशीवर पुढे पळतो. पुढच्या चाकाजवळ किलोभर तांदळाची पुरचुंडी घट्ट बांधा, चाकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. दांडा बाळाच्या छातीइतका हवा. रंगाचे पोपडे निघत असतील तर घेऊच नका, ते थेट तोंडात जातात.