टॉवेल कारखान्यांसाठी पगारपत्रक सेवा: घ्यावी, पण एक रकाना वाढवून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांना हजेरीपट, पगारपत्रक आणि पगारचिठ्ठ्या महिन्याच्या महिन्याला तयार करून देणारी ही सेवा. वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा केंद्रीय कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यामुळे जुन्या साच्यातला पगार आता चालत नाही. त्या दृष्टीने हे काम कसं आहे?

विशेष भत्ता, म्हणजे किमान वेतनातला महागाईनुसार बदलणारा भाग, चोख. तो 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. परिपत्रक मागाहून आलं तरी आधीच्या तारखेपासूनचा फरक वेगळा काढून देतात. पन्नास टक्क्यांचा नियमही (भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरायची) बरोबर लावलाय. सुपरवायझरचे एकूण 32,000, त्यात मूळ व महागाई 13,000 आणि बाकी 19,000 भत्ते असतील, तर निम्म्यावरचे 3,000 वेतनात धरून वेतन 16,000 होतं. ग्रॅच्युइटी वर्षाला 7,500 ऐवजी 9,231 रुपये बसते. मालकाला हे आधीच कळलेलं बरं.

खरी उणीव पीसरेटची, म्हणजे जेवढं काम तेवढा पगार या पद्धतीची. मागावरच्या कामगाराचा पगार मीटरवर किंवा नगावर काढतात आणि तेवढ्यावरच थांबतात. किमान वेतन तासावर किंवा दिवसावर ठरलेलं असेल, तर पीसरेटची कमाई त्याखाली जाऊन चालत नाही. कामगार पाळीला हजर आहे, पण बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) भरून आली नाही किंवा लाईट गेली म्हणून तीन तास माग बंद राहिला, तर मीटर घटतात. किमान वेतन मात्र पूर्ण दिवसाचंच द्यावं लागतं. पत्रकात माग बंद असण्याचं कारण लिहायला जागाच नाही. तपासणीत हेच आधी बघितलं जाईल. कमी पगार दिल्याचा दंड ही सेवा देणाऱ्याला नव्हे, मालकाला: पहिल्या वेळी 50,000 पर्यंत, पाच वर्षांत पुन्हा तीच चूक झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कामगाराला दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून मीटरचं रजिस्टर रद्दीत घालू नका.

करार करताना 'बंद तास, कारण, किमान वेतनातला फरक' असा रकाना लिहूनच घ्या. जादा कामाचे तास ते दुप्पट दराने धरतात, ते ठीक. सोडून गेलेल्याचा हिशेब मात्र महिनाअखेरीला काढतात, तो दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा. कामगार गेला त्याच दिवशी त्यांना फोन करा.