पंचविशीच्या आत, परदेशात पहिली गाडी: भाडेकंपनीचं पूर्ण कवच की बाहेरची स्वस्त पॉलिसी?

‘काउंटरवर विमा घेऊ नकोस, लुबाडतात.’ इटलीला निघण्याआधी हा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला. पाचही जण अनुभवी, पाचही जण चाळिशीच्या पुढचे. मी तेव्हा बावीसचा होतो. त्यांच्या आणि माझ्या वयातल्या या फरकाचा विम्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परवाना, परमिट, उजवीकडून चालवणं या गोष्टींत शिरत नाही. ते तुम्ही वाचलंच असेल. एवढंच सांगतो की आंतरराष्ट्रीय वाहन परमिट रस्ते-वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आहे की १९६८च्या, हे एकदा बघून ठेवा. जपान या दोन्हींपैकी १९४९वालंच मानतं. खरा घोळ होतो तो एक्सेसवरून, म्हणजे गाडीला काही झालं तर तुमच्या खिशातून जाणाऱ्या पहिल्या हजार-दोन हजार युरोंवरून. ते शून्यावर आणायचे दोन रस्ते आहेत. एक तर भाडेकंपनीचंच वरचं कवच घ्यायचं, नाहीतर बाहेरच्या विमा कंपनीची पॉलिसी आधीच काढायची. दुसऱ्या रस्त्यात नुकसान झालं तर आधी तुम्ही भरता आणि मग ती कंपनी तुम्हाला परत देते.

पैशाच्या हिशेबात बाहेरची पॉलिसी सरळ जिंकते. माझ्या दहा दिवसांच्या पॉलिसीला जेवढे पडले, तेवढ्यात काउंटरवरचं कवच जेमतेम दोन दिवसांचं आलं असतं. शिवाय अशा पॉलिसीत बऱ्याचदा टायर, काच, छप्पर, गाडीची खालची बाजू, हरवलेली चावी हे सगळं धरलेलं असतं. भाडेकंपनीच्या मधल्या पातळीच्या कवचातून नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या सापडतात. कागदावर बघाल तर प्रश्नच उरत नाही. मीही तीच घेतली, आणि काउंटरवरच्या बाईंना दोनदा ‘नको’ म्हणताना स्वतःला फार हुशार समजत होतो.

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मग कार्ड द्या.’

बाहेरची पॉलिसी भाडेकंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्यांच्या दृष्टीने तुम्ही विना-कवच चालक, म्हणून एक्सेसची अख्खी रक्कम तुमच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. पैसे कापत नाहीत, नुसते धरून ठेवतात. पण तेवढी लिमिट गेलेलीच समजायची. कार्डही मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि शेजारी उभ्या मित्राचं कार्ड तर नाहीच नाही. चाळिशीतल्या माणसाच्या लिमिटमधून दीड हजार युरो बाजूला पडले तर त्याला पत्ताही लागत नाही. माझं कार्ड आयुष्यातलं पहिलंच होतं. बाईंनी ते मशीनमध्ये घातलं, रक्कम अडकली, आणि माझ्याकडे सत्तरएक युरोंची लिमिट उरली. सहल अजून सुरूही झाली नव्हती.

याचा अर्थ रविवारी दुपारी कळला. गावाबाहेरचा पंप, माणूस कुणी नाही, फक्त यंत्र. असे पंप इंधन सोडण्याआधी कार्डावर स्वतःची वेगळी रक्कम अडकवतात, साधारण शंभर युरो. तुम्हाला वीसचंच इंधन हवं असलं तरी. यंत्राने कार्ड नाकारलं. पुन्हा घातलं, पुन्हा नाकारलं. मागे एक गाडी येऊन थांबली. शेवटी मित्राच्या पाकिटातून वीसची एक चुरगळलेली नोट निघाली. यंत्राने ती दोनदा बाहेर ढकलली. मांडीवर घासून सरळ केली, तेव्हा तिसऱ्यांदा घेतली. पुढचे सगळे दिवस मी मित्राच्या कार्डावर जगलो. हॉटेलात, टोलनाक्यावर, कॉफीच्या पेल्यालासुद्धा ‘तू दे, मी नंतर देतो’. गाडी परत केल्यावरही बँकेला रक्कम सोडायला दहा-बारा दिवस लागले.

पॉलिसीवर अन्याय नको, तिने तिचं काम चोख केलं. उजवीकडे बसून चालवायची सवय असलेला माणूस डावीकडच्या सीटवर बसला, की गाडीचं धूड आता आपल्या उजव्या हाताला पसरलंय हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी पुढचं उजवं चाक फुटपाथच्या दगडी कडेला घासलं आणि रिमवर बोटभर ओरखडा आला. कंपनीने माझ्याकडून पैसे घेतले. मी भाडेकरार, नुकसानीचा अहवाल, अंतिम बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि फोटो पाठवले, आणि दीडेक महिन्याने रक्कम परत आली. मागे लागावं लागलं नाही. कागद नीट जपणाऱ्या माणसाला यात काही जड नाही. नुकसानीचा अहवाल मात्र गाडी परत करतानाच हातात घ्या, नंतर मागून तो मिळवणं म्हणजे वैताग.

तरीही दोन वर्षांनी पोर्तुगालला गेलो तेव्हा मी भाडेकंपनीचं शून्य-एक्सेस कवच घेतलं. काउंटरवर नाही, त्यांच्याच साइटवरून, बुकिंगच्या वेळी. मला ते काउंटरवर सांगितलेल्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडलं. या वेळी कार्डावर अडकलं ते इंधनाच्या टाकीपुरतं. महाग पडलं का? पडलं. पण ती किंमत मी विम्याची धरली नाही, आपलं कार्ड आपल्या हातात राहण्याची धरली.

इथे एक फसगत होऊ शकते. भाड्यांची तुलना करून देणाऱ्या साइटवर शेवटच्या पानावर ‘संपूर्ण संरक्षण’ अशी चौकट येते. ती बहुधा दुसऱ्या जातीची असते, आधी भरा मग मागा वाली. तिच्यावर खूण केली म्हणून काउंटरवर डिपॉझिट कमी होत नाही, आणि तिथे वाद घालूनही उपयोग नाही. तुमच्या वयाला कंपनी शून्य-एक्सेस कवच विकते का, हेही बघा. काही कंपन्या कोवळ्या चालकांना ते देत नाहीत, किंवा थोडा एक्सेस शिल्लक ठेवतात. तसं असेल तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. मग बाहेरची पॉलिसी घ्या आणि निघण्याआधी बँकेकडून लिमिट वाढवून घ्या.

इटलीत जुन्या शहरांच्या प्रवेशबंद भागात चुकून शिरलात तर येणारा दंड यातलं कुठलंच कवच भरत नाही. तो काही महिन्यांनी येतो, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल भाडेकंपनी वेगळं शुल्क लावते ते आणखी वर.

ज्याच्या कार्डाला भरपूर लिमिट आहे, किंवा ज्याच्याजवळ त्याच्याच नावाचं दुसरं कार्ड आहे, त्याला मी आजही बाहेरचीच पॉलिसी सुचवीन. वर्षातून दोन-तीनदा गाडी घेणार असेल तर वार्षिक. पण पहिलंच कार्ड, पहिलीच सहल, मुख्य चालक तुम्हीच, असं असेल तर माझं माप दुसरीकडे झुकतं. चाळिशीतले पाच जण वेगळं सांगतील, आणि त्यांच्या जागी तेही बरोबरच असतील.

पोर्तुगालला गाडी परत केली तेव्हा मागच्या बंपरवर एक नवा ओरखडा होता, माझाच की पार्किंगमधल्या कुणाचा, देव जाणे. भाडेकंपनीच्या माणसाने वाकून पाहिलं, टॅबवर बोट फिरवलं आणि चावीसाठी हात पुढे केला. बिलात तरुण चालकाचा रोजचा अधिभार तेवढा होता. तो कुठल्याच विम्याने टळत नाही, आणि मला पंचविसावं पूर्ण व्हायला अजून चार महिने होते.