एकच धून: रोज सबंध, की तुकड्यातुकड्याने?

सांगलीत व्हायोलिन शिकताना भूप रागातली एकच छोटी धून मी सहा महिने धरून बसलोय. पहिले तीन महिने ती रोज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. लय अंगात मुरली, पाठांतर पक्कं झालं, आनंदही भरपूर मिळाला. पण चूकही तितकीच पक्की झाली. दुसऱ्या ओळीतला गंधार, म्हणजे ग, रोज किंचित उतरायचा आणि मी तसाच पुढे जायचो.

मग तुकडे पाडले. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. शिवाय तारा प-सा-प-सां अशा लावल्या की ग वरून प वर जाताना गज (वाजवायची काठी) शेजारच्या तारेवर न्यावा लागतो. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. मिरजेहून आणलेला तानपुरा लावून तेवढे दोनच स्वर विलंबित, म्हणजे संथ लयीत घोटले. सा च्या तारेवर चौथ्या बोटाने प वाजवायचा आणि शेजारची मोकळी प ची तार सोबत ऐकायची. दोन्ही एकजीव झाले, तर हात जागेवर आहे. हे सबंध धून वाजवताना कधी ऐकूच आलं नव्हतं!

तुकड्यांत एकच उणीव: सांधे कच्चे राहतात. म्हणून एका ओळीचे शेवटचे दोन आणि पुढचीचे पहिले दोन स्वर वेगळे जोडून घ्यावेत.

वीसच मिनिटं असतील तर मी १५ तुकड्यांना देतो आणि उरलेल्या पाचांत धून एकदाच, न थांबता.