आंब्याच्या पानाची जाळी आणि २२० रुपयांचं कल्चर

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत आंबा, फणस आणि देशी बदाम. फेब्रुवारी उजाडला की रोज पोतंभर पानं पडतात. ती जाळू द्यायची नाहीत, त्यांचं खत करायचं, हा माझा हट्ट. म्हणून मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्रातून जिवाणू कल्चरची, म्हणजे पानं कुजवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणाची, लिटरची बाटली आणली. लेबलवर स्ट्रेप्टोमायसिस, स्यूडोमोनास, बॅसिलस अशी जिवाणूंची नावं छापली होती, म्हणूनच घेतली. आत काय आहे हे न सांगणाऱ्या बाटलीला मी हात लावत नाही.

दोन ड्रम लावले. पानं तीच, शेणकाला तोच. कल्चर मात्र एकाच ड्रमात, गुळाच्या पाण्यात कालवून. साठाव्या दिवशी दोन्हींतून आंब्याचं एकेक पान काढलं. साध्या ड्रममधल्या पानाचा गर गेला होता, पण शिरांची जाळी शाबूत, ओढली तरी तुटेना. तिला हा चिवटपणा येतो तो लिग्निनमुळे, म्हणजे लाकडाला आणि शिरांना कणखर करणाऱ्या द्रव्यामुळे. कल्चरवाल्या पानाची जाळी चिमटीत चुरली. वर झाकण काढताच पहिल्या पावसाचा वास! स्ट्रेप्टोमायसिस जिऑस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, त्याचाच हा वास.

भाचा इथेनॉलच्या क्षेत्रात आहे. जाळी बघून म्हणाला, "मावशी, आमचं घोडं इथेच अडतं." इथेनॉलसाठी काडीतल्या सेल्युलोजची, म्हणजे तिच्या तंतूंची, साखर करायची, तर लिग्निन वाट अडवून बसलेलं. २०२२ मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला, तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. अशा कारखान्यांत काडी आधी उष्णता आणि रसायनांनी फोडावी लागते. जिवाणू तेच काम साध्या तापमानाला करतात, पण फार सावकाश. ऱ्होडोकॉकस नावाच्या जिवाणूच्या काही जाती तर लिग्निनचे तुकडे खाऊन पेशीत तेल साठवतात, आणि त्यापासून डिझेल मिळवण्यावर संशोधन चालू आहे. हे ऐकल्यापासून ड्रम ढवळताना मला निराळाच हुरूप येतो.

आता तक्रार. बाटलीवर '३० दिवसांत खत' लिहिलंय. मला ७८ दिवस लागले. पहिली बाटली मुदत संपलेली निघाली, दुकानदाराने मुकाट बदलून दिली. माहितीपत्रकात हवेबद्दल अवाक्षर नाही, आणि लिग्निन फोडायला ऑक्सिजन लागतोच. एकदा आठवडाभर ढवळलं नाही, तर तळाशी आंबूस चिखल झाला. दर चौथ्या दिवशी खालवर करा, ड्रमला खालून भोकं पाडा.

बदामाची जाड पानं मात्र अजून अर्धीच कुजली आहेत. ती हाताने चुरून पुन्हा घातली आहेत.